सम्राटाच्या पाठीशी देव

ऑरियस हे प्राचीन रोमचे प्रमुख सोन्याचे नाणे. व्यास दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर, ऑगस्टसच्या काळात वजन पावणेआठ ग्रॅमच्या जवळ, आणि सोने जवळपास शुद्ध. एका ऑरियसला चांदीचे २५ दिनारियस किंवा पितळेचे १०० सेस्टर्शियस मिळत. दर्शनी बाजूला सम्राटाचे किंवा त्याच्या घरातल्या कुणाचे मस्तक, मागच्या बाजूला बहुधा एखादी देवता आणि कडेने लॅटिन अक्षरांची ओळ, ही मांडणी सुमारे तीनशे वर्षे टिकली. या मागच्या बाजू एकापुढे एक लावल्या तर रोमन देवमंडळाचा सचित्र कोशच तयार होतो: वज्र घेतलेला ज्युपिटर, मोराशेजारची जूनो, हातात कणसे धरलेली सेरीस, सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेले शिंग बाळगणारी फॉर्चुना. पुष्कळदा या नाण्यांकडे तसेच पाहिले जाते. देवता ओळखण्यापुरते ते ठीक आहे, पण कोश म्हणून ही नाणी दिशाभूल करतात. रोमन माणूस घरात रोज ज्यांना नैवेद्य दाखवी ते लारेस सोन्यावर क्वचितच येतात. उलट जिच्या देवळाचा कुठे पत्ता नाही अशी कॉन्स्टान्शिया, म्हणजे स्थैर्याची देवी, क्लॉडियसच्या सोन्याचांदीवर ठळकपणे बसलेली असते. देवतांची निवड धर्मातल्या त्यांच्या मानावरून होत नव्हती. सत्तेला त्या वेळी कोणाची साक्ष हवी आहे यावरून ती होत होती, आणि म्हणून या नाण्यांतून रोमन भक्तीपेक्षा रोमन राज्यकारभाराची धास्ती अधिक कळते.

प्रजासत्ताकाच्या काळात चित्र वेगळे होते. तेव्हा दर्शनी बाजू देवांची होती. चांदीच्या नाण्यांवर रोमा देवीचे शिरस्त्राण घातलेले मस्तक असे. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २११च्या सुमारास, निकडीपोटी सोने पाडावे लागले तेव्हा त्यावर दाढीवाला मार्स आला आणि मागे वज्रावर बसलेला गरुड. सोन्याची नाणी रोमला त्या काळी अपवादानेच लागत. पुढे इ.स.पू. ८४-८३मध्ये सुल्लाने आपल्या सैन्यासाठी सोने पाडले. त्यावर व्हीनसचे मस्तक होते आणि तिच्यासमोर ताडपत्र घेतलेला क्युपिड. सुल्ला स्वतःला व्हीनसचा लाडका म्हणवत असे. इथे पहिल्यांदा सोन्यावरची देवी एका विशिष्ट माणसाची झाली, पण तो माणूस अजून नाण्यावर चढलेला नव्हता.

सोन्याचे नाणे नित्याच्या व्यवहारात आणले जूलियस सीझरने. इ.स.पू. ४६मध्ये त्याने एका रोमन पौंडाला ४० या हिशेबाने, म्हणजे प्रत्येकी सुमारे आठ ग्रॅमचे, ऑरियस प्रचंड संख्येने पाडून घेतले. त्यावर पदर घेतलेल्या देवीचे मस्तक आहे, बहुतेक व्हेस्टाचे, आणि मागे पुरोहिताची उपकरणे. सीझर स्वतः प्रमुख पुरोहित होता, हे ज्याला समजायचे त्याला समजे. हे सोने कुणाच्या हातात गेले हेही ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याने विजयमिरवणुका काढल्या आणि सुएटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या पलटणींतल्या प्रत्येक पायदळ शिपायाला २४,००० सेस्टर्शियस वाटले. ती रक्कम २४० ऑरियसची होते. दोन वर्षांनी, खून होण्याच्या काही आठवडे आधी, त्याचा स्वतःचा चेहरा चांदीच्या नाण्यांवर आला. रोमच्या टांकसाळीत जिवंत माणसाला देवाची जागा मिळण्याची ती पहिली वेळ. या उद्धटपणाची शिक्षा म्हणून ज्याने खंजीर उपसला त्या ब्रूटसने दोन वर्षांत स्वतःचा चेहरा नाण्यावर घातला, मागे दोन खंजीर आणि मुक्त झालेल्या गुलामाची टोपी. त्या नाण्याच्या सोन्यातल्या मोजक्या प्रती आजही आहेत. प्रजासत्ताक संपले होते हे सांगायला याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

माणूस पुढे आला तसे देव मागे गेले. रोमन नाण्यांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि तो कुठल्याही कायद्याने घडला नाही. ऑगस्टसने त्याला व्यवस्थेचे रूप दिले. त्याचा दत्तक बाप सीझर मरणानंतर देव ठरवला गेला होता, म्हणून मुलगा लेखात स्वतःला ‘देवपुत्र’ म्हणवू लागला. इ.स.पू. ३६मध्ये त्याने पाडलेल्या ऑरियसवर देव झालेल्या सीझरचे मंदिर दिसते, दर्शनी त्रिकोणात ताऱ्यासह. ते मंदिर प्रत्यक्षात अर्पण झाले इ.स.पू. २९मध्ये, म्हणजे मंदिर उभे राहण्याच्या सात वर्षे आधी ते सैनिकांच्या कनवटीला पोचले होते. पुढे लुग्दुनमच्या, म्हणजे आजच्या लियोंच्या, टांकसाळीतून अपोलो आणि डायाना निघाले. अपोलोखाली ॲक्टियमचे नाव आणि डायानाजवळ सिसिलीचे. दोन्ही ठिकाणी ऑगस्टसने आपल्या रोमन प्रतिस्पर्ध्यांना हरवले होते. यादवीतले विजय उघडपणे मिरवणे अडचणीचे असते. देवाच्या नावाने मिरवले तर ती अडचण राहत नाही.

ऑलिंपसवरच्या जुन्या देवांपेक्षा साम्राज्याच्या सोन्यावर गर्दी झाली ती गुणदेवतांची. पॅक्स म्हणजे शांती, कॉन्कॉर्डिया म्हणजे एकोपा, सॅलस म्हणजे क्षेमकुशल, फिडेस म्हणजे निष्ठा. शिवाय लिबर्टास, सेक्युरिटास, प्रॉव्हिडेन्शिया, ईक्विटास. आजच्या वाचकाला ही नुसती रूपके वाटतात. रोमन माणसाला तशी ती नव्हती. कॉन्कॉर्डियाचे मोठे देऊळ फोरममध्येच होते, सॅलसचे क्विरिनल टेकडीवर. तरीही नाण्यावर येताना त्यांच्यात एक बदल होई. लेखात त्यांच्या नावाला सम्राटाचे ‘ऑगस्टस’ हे बिरुद जोडले जाई: ऑगस्टसची शांती, ऑगस्टसचे क्षेम. देवी स्वतंत्र उरत नसे, ती एका माणसाच्या मालकीची किंवा निदान त्याच्याकडून मिळणारी गोष्ट होई.

क्लॉडियसचा एक ऑरियस या प्रकाराचा कळस आहे. इ.स. ४१च्या जानेवारीत कॅलिगुलाचा खून झाला, सेनेटमध्ये प्रजासत्ताक परत आणण्याची भाषा सुरू झाली, आणि तेवढ्यात राजवाड्यातल्या पडद्याआड लपलेल्या या प्रौढ, दुर्लक्षित काकाला अंगरक्षक दलाने सम्राट करून टाकले. त्याच्या नाण्यावर ‘ऑगस्टसच्या शांतीला’ असे शब्द आहेत. चित्रातल्या देवीला मात्र व्हिक्टोरियासारखे पंख आहेत. एका हाताने ती हनुवटीखालचे वस्त्र पुढे ओढते. ही नेमेसिसची खूण, गर्वाला आणि मत्सराला दूर ठेवण्यासाठी स्वतःच्या छातीवर थुंकण्याची. (दृष्ट काढण्याच्या या रीतीचा अर्थ मराठी वाचकाला समजावून द्यावा लागणार नाही.) दुसऱ्या हातातला मर्क्युरीचा दंड ती समोरच्या सापावर रोखते, आणि साप हे सॅलसचे चिन्ह. पाच देवतांचे तुकडे जुळवून एक शांती तयार केली आहे. अशी देवी कुठल्याच देवळात नव्हती. पण नुकत्याच टळलेल्या संकटाची, पुढच्या सूडाच्या भीतीची आणि नेमस्तपणाच्या आश्वासनाची एकत्र मूर्ती करायची तर ती अशीच दिसली असती. त्याच सम्राटाच्या दुसऱ्या एका ऑरियसवर देव जवळजवळ नाहीतच. तिथे अंगरक्षक दलाच्या छावणीची तटबंदी आहे आणि त्यांनी सम्राटाला स्वीकारल्याची नोंद. सुएटोनियस सांगतो की क्लॉडियसने त्या प्रत्येक शिपायाला १५,००० सेस्टर्शियस देऊ केले. हे दीडशे ऑरियस होतात. एका नाण्यावर देवीची साक्ष, दुसऱ्यावर देण्याघेण्याची पावती.

नीरोने इ.स. ६४मध्ये ऑरियसचे वजन उतरवून पौंडाला ४५ केले. त्यानंतरच्या त्याच्या सोन्यावर रक्षणकर्ता ज्युपिटर आणि आसनस्थ सॅलस वारंवार येतात. इ.स. ६५मध्ये त्याच्याविरुद्धचा पिसोचा कट उघडकीला आला होता, आणि कट फसल्यावर सॅलसचे देऊळ बांधण्याचे ठरले असे टॅसिटस लिहितो. म्हणजे इथे नाणे आणि इतिहासकार एकच गोष्ट सांगतात. चार वर्षांनी परिस्थिती आणखी उघडी पडली. इ.स. ६९मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले. ओथोला मिळाले जेमतेम तीन महिने, तेही गॅल्बाच्या खुनाने सुरू होऊन पराभवानंतरच्या आत्महत्येने संपलेले. त्याच्या नाण्यांवर ‘साऱ्या पृथ्वीची शांती’ आणि ‘रोमन जनतेची सुरक्षितता’ आहे. त्याला हरवणाऱ्या व्हिटेलियसच्या नाण्यांवर ‘रोमन जनतेचा एकोपा’. इ.स. १९३मध्ये अंगरक्षक दलाने सम्राटपदाचा जवळपास लिलावच केला, तेव्हा बोली जिंकलेल्या डिडियस जूलियानसने पहिल्याच नाण्यांवर सैनिकांच्या एकोप्याची देवी घातली. दोन महिन्यांत त्याच सैनिकांनी त्याला सोडून दिले आणि त्याचा वध झाला.

या उदाहरणांवरून एक सोपे सूत्र निघते: शांती दिसली की युद्ध समजावे, एकोपा दिसला की भांडण. हे सूत्र लोकप्रिय आहे, पण सरसकट लावले तर फसवे ठरते. अँटोनायनस पायसच्या दोन दशकांहून अधिक काळाच्या राजवटीत शांती, आरोग्य, समता या देवी वर्षानुवर्षे रांगेने येत राहतात आणि त्या काळी साम्राज्याच्या मध्यभागी खरोखरच शांतता होती. टांकसाळीला दरवर्षी नवी चित्रे लागत आणि जुनी, मान्यता पावलेली चित्रे हाताशी असत. प्रत्येक छापामागे राजकीय संकट शोधणे म्हणजे कारकुनी सवयीला मुत्सद्देगिरी समजणे होय. सूत्र लागू पडते ते तारीख नेमकी असेल, चित्र नवे किंवा विचित्र असेल आणि दुसरा स्वतंत्र पुरावा त्याच दिशेने जात असेल तेव्हाच. क्लॉडियसची पाचरंगी शांती या कसोटीला उतरते. अँटोनायनसची नेहमीची शांती उतरत नाही.

याहून मूलभूत आक्षेप इंग्लंडमधले इतिहासकार ए. एच. एम. जोन्स यांनी १९५६मध्ये घेतला. नाण्याच्या मागे काय आहे हे मुळात कोण बघत होते? अंक आणि अक्षरे न वाचणाऱ्या बहुसंख्य लोकांसाठी नाणे म्हणजे नाणे, असा त्यांचा रोख होता. सदरलँड यांनी त्याला उत्तर दिले, आणि १९८२मध्ये बार्बरा लेव्हिक यांनी वादाला वेगळे वळण दिले: ही चित्रे जनतेसाठी नव्हतीच, टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनी सम्राटाला खूश करण्यासाठी ती निवडली. या दोन्ही मतांत तथ्य आहे, पण सोन्याच्या बाबतीत दोन्ही थोडी चुकतात. ऑरियस सगळ्यांच्या हातात नव्हताच. ऑगस्टसच्या काळात शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस, म्हणजे नऊ ऑरियस होता. डोमिशियनने त्यात चौथा हप्ता वाढवला, तो तीन सोन्याच्या नाण्यांचा असे सुएटोनियस म्हणतो. सोने जाई ते सैनिकांकडे बक्षीस म्हणून, अधिकाऱ्यांकडे, सेनेटरांकडे, बड्या व्यापाऱ्यांकडे आणि खजिन्यांत. जर्मनीत ट्रियर इथे १९९३मध्ये भूमिगत वाहनतळ खोदताना २,५००हून अधिक ऑरियस एका ठिकाणी मिळाले, एकूण वजन साडेअठरा किलो. ज्यांच्या मर्जीवर सम्राट टिकत किंवा पडत त्यांचेच हे वर्तुळ. त्यात वाचता येणारे कमी नव्हते.

आणि लोक नाणी बघत होते याचे पुरावे आहेत. टायबेरियसच्या काळात ऑगस्टसची प्रतिमा असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचकूपात वा वेश्यागृहात जाणे हा प्राणदंडाचा गुन्हा ठरू शकत होता, असे सुएटोनियस लिहितो. ब्रूटसच्या नाण्यावरची टोपी आणि खंजीर यांचा अर्थ कॅशियस डायो दोनशेहून अधिक वर्षांनी सांगतो. फ्रान्समध्ये रेन इथे १७७४मध्ये सापडलेली सोन्याची तबकडी तर या आक्षेपाला परस्पर उत्तर देते. मध्यभागी बाकस आणि हर्क्युलीस यांची मद्यपानाची पैज कोरलेली आणि कडेला १६ ऑरियस जडवलेले. बाकीच्यांचे काही असो, ज्याने ही तबकडी करवून घेतली त्याने नाणी नुसती मोजली नव्हती.

साम्राज्याच्या हद्दीबाहेर गेल्यावर याच नाण्यांचे काय होई, हे भारतात दिसते. प्लिनीच्या मते भारत रोमकडून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेई, म्हणजे पाच लाख ऑरियसच्या मोलाचा माल व पैसा. ‘पेरिप्लस’ या त्या काळच्या समुद्रव्यापाराच्या ग्रंथाचा लेखक भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात फायद्याने बदलता येतात असे नोंदवतो. सापडलेले सोने मात्र मुख्यतः दक्षिणेतले आहे, तमिळनाडू, केरळ, आंध्र. महाराष्ट्रात रोमन सोने तुरळकच. सातवाहनांनी सोन्याची नाणी पाडली नाहीत. इथे रोमन प्रतिमा पोचल्या त्या वेगळ्या वाटांनी: तेरला रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत, आणि कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात काशाचा छोटा समुद्रदेव, पोसायडन, हाती लागला. तो आता कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टईजवळ १८९८मध्ये सापडलेल्या निधीत ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतचे ५०१ ऑरियस होते, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. सोने खरे की वरवरचा मुलामा हे तपासण्यासाठी घाव घातला असे म्हणता येते, पण त्यासाठी दरवेळी चेहराच निवडण्याचे कारण नव्हते. नाणे म्हणून त्याचा अधिकार रद्द करून ते फक्त सोने म्हणून चालवायचे, हे स्पष्टीकरण अधिक पटते. घाव घालणाऱ्याला मागच्या देवीची अडचण वाटली नाही. हुकमत कुठल्या बाजूला आहे हे त्याला बरोबर कळले होते.

उत्तरेत कुषाणांनी उलटा धडा घेतला. विम कदफिसेसने जवळपास आठ ग्रॅमची सोन्याची नाणी सुरू केली, वजनाने आरंभीच्या ऑरियसच्या जवळची. कनिष्काच्या नाण्यांवर दर्शनी बाजूला अग्निवेदीपाशी उभा राजा आणि मागे देव: नना, मिइरो, ओएशो, एखाद्या दुर्मिळ नाण्यावर बोद्दो म्हणजे बुद्ध. हुविष्काने हेराक्लीस आणि ईजिप्तचा सरापो हेही घेतले. मांडणी रोमन नाण्यासारखीच आहे, पण लेख नुसते देवाचे नाव सांगतो. राजाची नना, राजाचा मिइरो असे तिथे कुठेच नाही. राजा वेदीत हवन करतो आणि देव आपल्या नावाने, स्वतंत्रपणे उभा असतो. त्यांतल्याच अर्दोक्षो या शिंगधारी देवीचे आसन पुढे गुप्तांच्या सोन्यावर कमळ झाले आणि देवी लक्ष्मी झाली. एकच साचा दोन राज्यांत इतक्या वेगळ्या अर्थाने वापरला गेला यावरून रोमन लेखातल्या त्या मालकीच्या प्रत्ययाचे वजन कळते.

रोममध्ये दुसऱ्या शतकापासून सम्राटांची खासगी दैवते सोन्यावर दिसू लागली. आरंभ त्याआधीच डोमिशियनने केला होता. मिनर्व्हा त्याची इष्टदेवता. तिची चार ठरावीक रूपे त्याच्या नाण्यांवर सतत फिरत राहतात. आपल्याला आता रक्षण करता येणार नाही, कारण ज्युपिटरने शस्त्र काढून घेतले, असे मिनर्व्हा म्हणाल्याचे स्वप्न त्याला मृत्यूआधी पडले, ही सुएटोनियसची गोष्ट त्याच नाण्यांची सावली वाटते. हेड्रियनचे घराणे स्पेनचे. त्याच्या ऑरियसवर तिथल्याच गादेसचा हर्क्युलीस येतो. सेप्टिमियस सेव्हेरस उत्तर आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा. तो आपल्या ‘पितृदेवां’ना, लिबर आणि हर्क्युलीस यांना, सोन्यावर आणतो. आता हे दोन हर्क्युलीस मुळात एकच आहेत, फिनिशियन लोकांचा मेलकार्त. लिबरमागे लेप्टिसचा शाद्राफा आहे, आणि सिंहावर बसलेल्या कार्थेजच्या ‘दिव्य देवी’मागे तानित. प्रांतांचे देव राजधानीच्या नाण्यावर आले, पण रोमन पोशाख चढवूनच. प्रवेशाची ती अट होती.

ती अट एकाच सम्राटाने मोडली. इ.स. २१८मध्ये गादीवर आलेला एलागाबालस हा सीरियातल्या एमेसाच्या सूर्यदेवाचा पुजारी, आणि तो देव म्हणजे एक काळा शंक्वाकृती दगड. त्याच्या ऑरियसवर चार घोड्यांच्या रथात हाच दगड दिसतो, समोर गरुड, भोवती चार छत्र्या. चेहरा नाही, हातपाय नाहीत, रोमन वस्त्रे नाहीत. सम्राटाने विचित्र वागून लोकांना दुखावले याच्या कथा प्राचीन लेखकांनी रंगवून सांगितल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ अतिरंजित आहेत. नाण्यावरचा दगड मात्र अतिरंजित नाही. आधीचे परके देव ओळखीचे करून घेता येत होते. हा देव तसे काहीच करू देत नव्हता. इ.स. २२२मध्ये एलागाबालस मारला गेला, दगड एमेसाला परत पाठवण्यात आला, आणि त्याच्या मावसभावाच्या, सेव्हेरस अलेक्झांडरच्या, नाण्यांवर सूड घेणारा ज्युपिटर परतला.

राजघराण्यातल्या स्त्रियांसाठी देवी जवळपास ठरलेल्या होत्या: व्हीनस, जूनो, सेरीस, व्हेस्टा, पुडिसिशिया. थोरली फॉस्टिना इ.स. १४०च्या सुमारास वारली आणि देवी ठरवली गेली. त्यानंतर तिच्या नावाने निघालेले सोने हयातीतल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तिची मुलगी धाकटी फॉस्टिना, मार्कस ऑरेलियसची पत्नी, हिला किमान बारा मुले झाली. तिच्या नाण्यांवर प्रसूतीची जूनो लुसिना आणि लेकुरवाळी फेकुंडिटास येतात. कित्येक पिढ्या दत्तकाने चाललेल्या गादीला रक्ताचा वारस मिळाला, ही बातमी सोन्यावरून सैन्याच्या छावण्यांपर्यंत जात होती. स्त्रीची देवी तिच्या नवऱ्याच्या गरजेला बांधलेली असे. कॅराकॅलाचे प्लॉटिलाशी लग्न झाले तेव्हा ‘चिरंतन एकोप्या’ची नाणी निघाली, इ.स. २०५मध्ये तिला हद्दपार केले गेले आणि नंतर मारले.

तिसऱ्या शतकात देव आणि सम्राट यांच्यातले अंतर संपत गेले. कॉमोडसने सिंहाचे कातडे डोक्यावर घेऊन स्वतःलाच रोमचा हर्क्युलीस म्हणवले होते, ती सुरुवात. गॉलमध्ये वेगळे राज्य थाटणाऱ्या पोस्टुमसने आपला चेहरा हर्क्युलीसच्या चेहऱ्याला जोडून घातला आणि मागे त्या वीराची कामे दाखवली. गॅलिएनसचा एक ऑरियस अभ्यासकांना अजून छळतो: सम्राटाच्या डोक्यावर कणसांचा मुकुट, नावाचे रूप स्त्रीलिंगी दिसणारे, आणि मागे ‘सर्वत्र शांती’. त्याचा बाप व्हॅलेरियन इ.स. २६०मध्ये पर्शियनांच्या कैदेत गेला होता, पश्चिम फुटली होती, पूर्व पाल्मायराच्या हातात होती. काहींना यात विरोधकांची थट्टा दिसते, काहींना सम्राटाने सेरीसचे रूप घेतल्याचा दावा. थट्टा म्हणावी तर ती सरकारी सोन्यावर कशी आली हे सांगता येत नाही. दुसरे मत अधिक संभवनीय आहे. याच सुमारास चांदीच्या नाण्यात चांदी नावालाच उरली होती आणि ऑरियसची वजनेही अनियमित झाली होती. सोने मात्र बरेचसे शुद्ध राहिले.

ऑरेलियनने इ.स. २७४मध्ये अजिंक्य सूर्याचे देऊळ उभारले आणि पुढची पन्नास वर्षे सूर्य नाण्यांवर सम्राटाचा सोबती म्हणून वावरला. डायोक्लेशियनने पौंडाला ६० या वजनाने ऑरियस स्थिर केला, स्वतः ज्युपिटरचा आणि सहसम्राट मॅक्सिमियन हर्क्युलीसचा अशी वाटणी केली. वरिष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण हे देवांच्या जोडीवरूनच कळे. कॉन्स्टंटाइनने ऑरियसच्या जागी पौंडाला ७२चा सॉलिडस आणला. इ.स. ३१३मध्ये टिकिनमला पाडलेल्या त्याच्या मोठ्या सुवर्णपदकावर त्याचा आणि सूर्याचा चेहरा एकावर एक बेतून कोरला आहे. ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यावरही दशकभर सूर्य त्याच्या नाण्यांवरून हलला नाही, इ.स. ३२५च्या सुमारास तो मावळला. त्यानंतरच्या सोन्यावर सम्राट डोळे वर करून पाहतो, आणि ही प्रार्थनेची मुद्रा आहे असे युसेबियस आवर्जून सांगतो.

देवतांपैकी एकच टिकली, व्हिक्टोरिया. इ.स. ३८२मध्ये सेनेटच्या सभागृहातली तिची वेदी हलवण्यात आली आणि तिच्यासाठी सिम्माकसने केलेली विनवणी फुकट गेली, पण नाण्यावरून तिला कुणी काढले नाही. देवी म्हणून ती नको होती, विजय मात्र प्रत्येक सम्राटाला हवा होता. दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, इ.स. ४२०नंतर, तिच्या हातात लांब दांड्याचा क्रॉस आला. सुमारे शंभर वर्षांनी, पहिल्या जस्टिनच्या सॉलिडसवर, तिच्या जागी पंख असलेला पुरुष, म्हणजे देवदूत, उभा राहिला. कडेचा लेख बदलण्याची गरज टांकसाळीला वाटली नाही. तिथे ‘सम्राटांचा विजय’ हेच शब्द राहिले.